पद्माचं दुखणं आणि माझं तोंड

हसणार नसाल तरच सांगते. छे, हसालच तुम्ही! कपबशी तेवढी खाली ठेवा, चहा सांडेल.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. शेजारच्या राजव्वाच्या घरात विजेचे माग, दिवसरात्र चालायचे. तिनं आपल्या मूळ मुलखातल्या, तेलंगणातल्या एका शेतकऱ्याची पोर सून करून आणली. पद्मा. महिनाभरात पोरगी सुकून काडी झाली! झोप नाही, जेवण नाही. काय होतंय विचारलं तर, "अंगात कायतरी होतंय," एवढंच. सासूशी तेलुगूत बोलतानाही तिला त्या 'कायतरी'ला नाव सापडेना.

राजव्वा धास्तावली. "अक्का, असंच चाललं तर हिला माहेरी पाठवावं लागंल बघ. पोर गुणाची हाय, पण रोगी निघाली तर?"

आतून पद्माचं मुसमुसणं ऐकू आलं. मी लगेच पदर खोचला!

"पाठवतीस कशाला? मी नेते की डॉक्टरकडं. दुखणं नीट सांगता आलं पायजे, बस!"

सांगण्यात आपला हात कोण धरणार?

दवाखान्यात डॉक्टरांनी पद्माला विचारलं, "काय होतंय?"

तिनं ओठ हलवले, तोवर माझा पट्टा सुरू. "डॉक्टर, हिला छातीत धडधडतंय, पोटात कालवतंय, टाचेत ठणका, पाठीत उसण. आणि मधेच अंगातून अशा वाफा निघतात, पदर फेकून द्यावासा वाटतो!"

"गुडघे?"

"जिना चढताना करकर वाजतात की!"

"हिचं वय?"

"एकोणीस."

"हिच्या घराला जिना आहे?"

"न्हाय… आमच्या घराला हाय."

डॉक्टर उठले. थर्मामीटर धुतलं, झटकलं आणि माझ्या जिभेखाली सारलं. "काकू, ओठ मिटा. मी काढेपर्यंत हूं की चूं नाही."

मनात म्हटलं, काय देवमाणूस! सोबत आलेल्या बाईचीसुद्धा एवढी काळजी!

मग ते पद्माजवळ बसले. ती अडखळली, थांबली. शेवटी बोटांनी टेबलावर वाजवलं, खटखट, खटखट. तोच हात छातीवर ठेवून मोडक्या मराठीत म्हणाली, "माग बंद झाला… तरी हितं चालूच. जमीन पण हलते."

"झोपतेस कुठं?"

"मागाजवळ."

डॉक्टर हसले. "मग रोग कसला? मागांपासून लांब, दुसऱ्या खोलीत झोप. अंगाला हळूहळू सवय होईल. सासूला सांग, सून ठणठणीत आहे."

पोरीचा चेहरा असा फुलला म्हणता! मी "उं! उं!" करत होते. धडधड मीच आधी सांगितली होती ना!

एकदाचं थर्मामीटर निघालं. "ताप किती हाय हो?"

"ताप नाहीच. आणि त्या वाफा, करकर, उसण यांच्यासाठी तुम्ही परवा या. एकट्याच."

घरी येऊन पद्मानं सगळं सासूला साभिनय सांगितलं. राजव्वा हसून हसून मागाला टेकली. सुनेचं अंथरूण त्याच दिवशी परसदारच्या खोलीत गेलं.

दुसऱ्या दिवशी राजव्वानं सात रस्ता चौकातल्या दुकानातून नवं कोरं थर्मामीटर आणलं आणि मी गप्पांना बसते तिथंच हाताशी ठेवलं. त्यांच्या घरात ताप कुणालाच नव्हता!