भवानीचं गिऱ्हाईक

माझ्या बायकोने आणि रोह्याच्या बाजारात बसणाऱ्या एका मासळीवालीने मिळून मला कित्येक वर्षं फसवलं.

मी खांब गावचा. कंपनीत शिफ्टला हमाली केली, त्यातून रोह्यात रंगाचं दुकान टाकलं. फुकट काही मिळालं नाही, म्हणून सांगितल्या भावात मी काही घेत नाही. आठवड्याच्या खर्चाचे पैसे बायकोच्या हातात द्यायचे, त्यात तिने स्वयंपाकघर चालवायचं, ही आमची पद्धत. मासळीपुरते पैसे मात्र मी तिच्याकडून मागून घ्यायचो आणि बाजार मी करायचो. एवढ्याशा पैशात घरात ताजी मासळी शिजते ती माझ्या जिभेच्या जोरावर, असं मी जेवताना मुलांना सांगायचो. मुलं आईकडे बघायची. ती भात वाढत असायची.

माझी युक्ती साधी होती. सकाळी सगळ्यांच्या आधी जायचं. मासळीवालीने टोपलीवरचं फडकं काढलं की समोर उभं राहायचं. भवानीचं, म्हणजे दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक परत पाठवायला कुठलीच विकणारी धजत नाही.

"शेट, येवढ्यात नाय परवडत."

"मग मी निघालो."

"भवानीच्या टायमाला मागं फिरता व्हय? न्या. माझं रगत पन न्या."

मी वाट्यावर आणखी दोन बोंबील टाकून घ्यायचो.

उरलेला आठवडा बायकोचा. ती पेणजवळच्या मिठागरातल्या गावची. वाल भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायची आणि सोलायला सगळ्या घराला बसवायची, मलासुद्धा. बिरडं व्हायचं आणि वाल शिजल्या पाण्याचं सारही. कोलंबीची डोकी वाटून रस्सा, भोपळ्याच्या सालीची चटणी, तुकडा तांदळाच्या पिठाची भाकरी. अवचित पाहुणा आला तर सुकटीत वांगं पडायचं आणि सगळ्यांना पुरायचं. त्या सुकटीसाठी मी दुकान लवकर बंद केलेलं आहे. तरी तिला चिडवायचो, "मिठागराची चिंगूस पोर."

"चिंगूस कोण ते बाजारात विचारा," ती म्हणायची.

मी कधी विचारलं नाही. गेल्या हिवाळ्यात सासूबाईंचा पाय मुरगळला म्हणून ती पेणला गेली. मी नेहमीसारखा पहिला गेलो, भाव पाडला, बोंबील पिशवीत घेतले. निघणार तेवढ्यात मासळीवाली म्हणाली, "वैनी कधी येनार? मागल्या खेपेचं ऱ्हायलंय."

"काय राहिलंय?"

ती टोपलीतले बोंबील सारखे करायला लागली. शेजारची विकणारी म्हणाली, "सांग गो आता. किती दिस लपवशील?"

"तुमी पाडता ना शेट, तेवढं वैनी उन्हं चढल्यावर आनून देतात. पयल्यापासनं. नायतर असला माल दिला असता व्हय तुमाला? मांजरासाठी ठेवलेला दिला असता."

मी तसाच एसटीत बसलो. बोंबिलांची पिशवी मांडीवर, शेजारचा माणूस उठून उभा राहिला. पेणला पोचलो तेव्हा बायको सासूबाईंच्या पडवीत तांदूळ निवडत होती. मी सगळं एका दमात बोललो. तिने पिशवी घेऊन वास घेतला.

"ताजे आहेत," ती म्हणाली.

"मी काय विचारतोय?"

"माझ्या आईने पेणच्या बाजारात सुकी मासळी विकली. भवानीला तोटा झाला की ती दिवसभर पाणीसुद्धा घ्यायची नाही. आपल्यामुळे कुणी तसं बसलेलं मला नाही बघवत."

"मग मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही बाजारात जाणंच सोडलं असतं. पिशवी घेऊन घरात शिरता तेव्हा तुमचं तोंड बघण्यासारखं असतं, अहो. आणि खर्चात बसत होतं तेवढं."

म्हणजे सालीच्या चटणीत आणि वालाच्या सारात वाचलेला पैसा माझ्या घासाघिशीला लागत होता. तेल, मीठ, तशीच माझी हुशारी. मला राग आला. तिने बोंबील तळले, सासूबाईंनी बसल्या जागेवरून मोठे मोठे माझ्या ताटात टाकायला लावले. रागातच खाल्ले. चांगले झाले होते.

आता मी भाव पाडतो, मासळीवाली हसते आणि पाडलेले पैसे मीच पुन्हा तिच्या हातावर ठेवतो. ते मिटलं. पण घरातलं कपाट, मिक्सर, अंगणातल्या फरशा, तांब्यापितळेची भांडी, हे सगळंसुद्धा मी भांडून घेतलेलं आहे. त्यातलं खरं किती, असं विचारलं की ती वाल सोलत राहते आणि तिचे खांदे हलतात. परवा भांडीवाला दारावरून गेला. मी समोर उभा असताना त्याने आत वाकून नमस्कार केला तो तिला. तो कशाबद्दल होता, हे तिने मला सांगितलंच पाहिजे, आणि आज जेवायला बसायच्या आधी.