खोटा दगड

आमच्या मुलीला जर्मनीत जाऊन एक खूळ लागलं. तिथले लोक रानात कुठेतरी डबी लपवतात, तिची जागा मोबाइलच्या नकाशावर टाकतात आणि मग अनोळखी माणसं ती हुडकत हिंडतात. सापडली की आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबी होती तिथे ठेवून द्यायची. मिळतं काय? काही नाही. याला जिओकॅश म्हणतात. मी म्हटलं, बरं आहे बुवा, भरपूर वेळ दिसतोय तिकडे लोकांना.

गेल्या खेपेला सुट्टीवर आली तेव्हा तिने तसली एक डबी इथेही लपवली. घोटीच्या रस्त्याला देवीची एक टेकडी आहे, पायथ्यापासून देवळापर्यंत नुसतं रान. डबीवर थर्माकोल आणि सिमेंट थापून तिने असा हुबेहूब दगड केला होता, की गॅलरीत वाळत ठेवला तर कामवाल्या मावशींनी तो उचलून खाली नेऊन टाकला. टेकडीवर ती दगड लपवायला झाडीत शिरली, मी वाटेवर सावली धरून बसलो आणि बायको ओटी घेऊन पुढे देवळात गेली. त्यामुळे तो नक्की कुठे ठेवला, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

परवा मुलीचा फोन आला. "बाबा, ज्यांनी शोधली त्यांनी 'सापडत नाही' म्हणून लिहिलंय. कोणी जाऊन बघितलं नाही तर नकाशावरून काढून टाकतील."

"टाकू देत की. काय बिघडतंय?"

ती म्हणाली, "नाशिकात माझ्या नावावर तेवढंच आहे."

आदल्याच महिन्यात तिने तिकडे घर घेतलं होतं. व्हिडिओवर रिकाम्या खोल्या फिरून फिरून दाखवल्या. तिच्या आईने ओटा कुठल्या दिशेला आहे एवढंच विचारलं आणि कुकर बघते म्हणून आत गेली. गॅसवर कुकर नव्हता.

रविवारी सकाळी आम्ही द्वारका चौकातून जीप धरली. खूण अशी होती, की देवळाच्या वाटेवर ऐनाचं मोठं झाड लागतं, त्याच्या मुळाशी. ऐन सापडला. मोबाइलही तिथेच घुटमळायला लागला. पण दगड? अहो, तिथे दगडांशिवाय दुसरं होतंच काय! या टेकडीवर रीत आहे. घर हवं असेल त्याने दगडावर दगड रचून छोटीशी उतरंड उभी करायची, मग देवी घर देते म्हणतात. ऐनाखाली लोकांनी सगळी कॉलनीच वसवली होती.

मी एकेक दगड बोटाने ठोकत निघालो. देवळात जाणारी माणसं माझ्याकडे आणि मग बायकोकडे कीव येऊन बघत होती. शेवटी एका उतरंडीचा तळचा दगड पोकळ वाजला.

"हाच! कोण उपटसुंभ आहे, पोरीचा दगड पळवून वर इमला बांधणारा?"

"हात लावू नका," बायको म्हणाली.

"अगं, तिचा दगड आहे तो!"

"घर मोडेल."

"मोडू दे. ज्याचं असेल तो परत बांधेल."

ती मुळावर टेकली. पदराने मान पुसली. "माझंच आहे ते. नवरात्रात कॉलनीतल्या बायकांबरोबर आले होते ना, तेव्हा रचलं. हलका लागला होता हाताला, पण बूड सपाट होतं, म्हणून तळाला घेतला."

मी कपाळाला हात लावला. "आणि तुला घर कशाला हवं? आपला फ्लॅट काय पळून चाललाय?"

"माझ्यासाठी नाही हो. तिच्यासाठी. हक्काचं घर झालं की येईल परत, असं वाटलं." मग अगदी सरळ आवाजात म्हणाली, "घर दे म्हटलं. कुठे, ते सांगायचं राहिलं."

घर बँकेच्या कर्जावर झालंय, देवीचा काय संबंध, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. वाईट वाटलं मला, खरंच सांगतो.

उतरंड तिने स्वतःच उतरवली. दगडाचं झाकण फिरवलं, आतला कागद कोरडा होता. मी फोटो काढून पाठवला, तिकडून लगेच बदाम आले. 'थँक यू आईबाबा, वाचली माझी डबी.' दगड आम्ही मुळाच्या खोबणीत नीट बसवला.

"चल, जीप निघून जाईल."

"जाऊ दे, दुसरी येईल." ती उरलेले दगड गोळा करून पुन्हा रचायला बसली होती. या वेळी मनात नाही, मोठ्याने बोलत होती. कुरिअरवाल्याला फोनवर सांगते तसा पत्ता: कॉलनीचं नाव, पाण्याच्या टाकीच्या मागे, पिठाच्या गिरणीसमोर, नाशिक. नाशिक दोनदा म्हणाली.

वरचा दगड काही केल्या ठरेना. मी इकडेतिकडे बघून एक चपटा हुडकला आणि तिच्या हातात दिला.