अश्विनीच्या पोळपाटावरचं नाव

हेमराज पस्तीस वर्षं सौंसरच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठींवर मार्का टाकत होता. पत्र्याचा छापा गाठीवर ठेवायचा, काळा रंग फिरवायचा, उचलून पाहायचं. पुसट दिसलं की छापा पुन्हा ठेवून दुसरा हात मारायचा. रिटायर झाल्यावर रिकामं बसणं त्याला जमेना. म्हणून नागपूरला नोकरी करणाऱ्या लेकीनं, अश्विनीनं, लाकडावर अक्षरं जाळून कोरणारं लहानसं लेझर मशीन आणून दिलं.

तिचं लग्न ठरलेलं होतं. सासरी जाणाऱ्या लेकीच्या स्टीलच्या भांड्यांवर नाव बाजारातला माणूस घालून देतो. पोळपाटावरचं नाव मात्र बापानं घालावं, असं हेमराजच्या मनानं घेतलं. पोळपाट त्यानंच घडवला होता. एकसंध सागवान, कुठं जोड नाही. तशी फळी त्याच्याकडे दुसरी नव्हती.

खिडकी उघडून, पंखा लावून, मशीनसोबत आलेला चष्मा घालून तो आठ दिवस संत्र्याच्या पेट्यांच्या पट्ट्या जाळत बसला. किती जोर, किती वेग, ते प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं. मशीन चालू असताना उठायचं नाही, एवढं अश्विनीनं बजावलं होतं. तो उठला नाही.

सुटीला ती घरी आली, त्या दिवशी त्यानं पोळपाट उलटा करून मशीनखाली ठेवला. वीस मिनिटांत नाव उमटलं, पण फिकट. हेमराजनं तो उचलला, उजेडात धरून पाहिला, अंदाजानं जागेवर ठेवला आणि मशीन दुसऱ्यांदा चालवलं. प्रत्येक अक्षराशेजारी दुसरं अक्षर उभं राहिलं, ज्वारीच्या दाण्याएवढं सरकून.

"उचलला काहून, बाबा?"

"पाहून राहिलो होतो."

"तिथल्या तिथं पाहाचं ना. तुमी पाट कुठं ठेवला, मशीनले काय समजते?"

चंद्रकला, त्याची बायको, म्हणाली की राहू द्या जी, त्या बाजूनं कोण पोळ्या लाटते. अश्विनीनंही तेच सांगितलं. गाठीवर एवढं चाललं असतं, हेमराजला वाटलं, लेकीच्या पोळपाटावर नाही. आणि चूक एकच नव्हती. पोळपाटातून उरलेला सागाचा तुकडा वाचवायचा म्हणून त्यानं पेट्यांच्या मऊ लाकडावरच सराव केला होता. तो कामचुकारपणाच झाला.

दोन दिवस तो रंधा मारत होता. जळकं सगळं निघायला हवं होतं, पण पाट फार पातळ झाला तर तडकला असता. दर चार हातांनी तो जाडी मोजत होता. शेवटी दोन सूत, म्हणजे पाव इंच, जाडी गेली आणि लाकूड स्वच्छ झालं. मग पॉलिश पेपर. मग उरलेल्या सागाच्या तुकड्यावर अकरा वेळा तेच नाव, बरोबर जोर सापडेपर्यंत. पाट हलू नये म्हणून मशीनखालच्या फळीवर काटकोनात दोन पट्ट्या ठोकल्या.

या वेळी मशीन चालू असताना चंद्रकलेनं दोनदा जेवायला हाक मारली. तो मशीनजवळून हलला नाही. मशीन थांबलं तेव्हा अश्विनी शेजारी येऊन उभी राहिली. तिनं पाटाकडे हात नेला.

"थांब," तो म्हणाला.

टॉर्च आडवा धरून त्यानं शेवटच्या वेलांटीपर्यंत एकेक अक्षर पाहिलं. कड कुठं फुटली नव्हती, कुठं फिकट नव्हतं. त्यानं चष्मा काढला.

"आता उचल."