मालाचा खो

सातारा जिल्ह्यातल्या औंधजवळच्या एका वस्तीवरची विजयमाला पुढं राज्याच्या खो-खो संघात गेली, वर्षानुवर्षं खेळली, नाव काढलं. पण १९७४ साली तिचा सगळा खेळ एका अक्षरावर येऊन अडला होता. माला जन्मापासून बहिरी, आणि म्हणून मुकी.

पळण्यात तिला तोड नव्हती. बसण्यात तर त्याहून नव्हती. खो-खोत पाठलाग करणाऱ्या पोरी ओळीनं बसतात, आणि पाठीवर थाप पडून खो मिळाल्याशिवाय उठायचं नसतं. बाकीच्या पोरी लोकांच्या आरड्याओरड्यानं बावचळून आधीच उठायच्या. माला नाही. तिच्या कानांना फसवणारा अजून जन्मायचा होता. थाप पडली की मात्र गोफणीतून दगड सुटावा तशी सुटायची.

घोडं पेंड खाई ते खो देताना. थाप मारताना तोंडानं 'खो' म्हणायचं, आणि तो पंचाला ऐकू आला पाहिजे, नाहीतर फाऊल. शाळेचे नानासो मास्तर मालाच्या आईला, मनुबाईला, म्हणाले, "एवढा एक शब्द शिकवा तिला. बाकीचं मी बघतो."

"आवं मास्तर, कायतरीच तुमचं! पोरीनं आजवर 'आई' म्हटलं न्हाई, तिला खो कुठनं शिकवू?"

म्हणाली खरी, पण मनुबाई हातावर हात ठेवून बसणारी बाई नव्हती. नवरा लालासाहेब पलटणीत. शेत, जनावरं सगळं हिच्याच अंगावर. त्यातून वेळ काढून तिनं लेकीचा एक हात आपल्या गळ्यावर ठेवला, दुसरा तोंडासमोर धरला आणि 'खो' म्हणाली. गळा थरथरतो, तळहातावर वाफ येते. माला जोर लावायची आणि निघायची नुसती हवा. दोघींचं ते रोजचं खो-खो ऐकून शेजारची अंबूबाई खोकल्याचा काढा घेऊन आली.

शेवटी एकदा गोठ्यात तो आवाज निघाला. घोगरा, जाडाभरडा, पण खोच! मनुबाईनं शेणाच्या हातांनीच पोरीला मिठी मारली.

लोणंदच्या सामन्यात पंचांनी तो खो मान्य केला. मग काय, जिंकत जिंकत साताऱ्याच्या पोरी अंतिम सामन्याला सांगलीत, विश्रामबागच्या मैदानावर येऊन धडकल्या. समोर खुद्द सांगली! राज्याच्या संघाची निवड इथंच व्हायची होती. निवड करणारे साहेब खुर्ची टाकून बसले होते, आणि त्यांनी मास्तरांना आधीच सुनावलं होतं, "भर मैदानात तिचा खो ऐकू आला तर तिचा विचार करू. नाहीतर आग्रह नको."

मनुबाई लेकीचा खेळ बघायला पहिल्यांदाच आली होती.

आता सांगलीकरांना खो-खोतलं कुणी काय शिकवावं! मालाची मेख त्यांनी पहिल्याच डावात ओळखली. तिनं थाप मारली की सगळं मैदान बोंब ठोकायचं. खो त्यात बुडून जायचा. शिट्टी, फाऊल! मालाला शिट्टी कुठली ऐकू यायला? मास्तर टोपी हलवून सांगायचे, तोवर सांगलीची पोरगी पसार. मनुबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मेल्यांनो, तुमच्या घरात लेकीबाळी न्हाईत व्हय?" पण त्या गोंगाटात तिचं कोण ऐकतंय!

शेवटचा डाव आला. गुण सारखे झाले, वेळ संपत आली. एक गडी बाद झाला की सातारा जिंकला. आणि मैदानात होती शालन, सांगलीची सगळ्यात चपळ पोरगी.

तेवढ्यात मनुबाईच्या पुढ्यात बसलेला धोतरवाला म्हातारा ताडकन उठला. हा आदगोंडा, शालनचा सख्खा आजा. लोकांकडं वळून गरजला, "ए, गप बसा की रं! पोरीचा खो दाबून जिंकायचं असंल तर नातीला घिऊन मी ह्यो चाललो घरला!"

लोक आधी हसले. मग एकजण गप्प झाला, त्यानं शेजाऱ्याला कोपर मारलं, शेजाऱ्यानं पुढच्याला दटावलं. बघता बघता सगळं मैदान चिडीचूप! मालाला खो मिळाला, ती झेपावली, शालननं हुलकावणी दिली. मालानं पुढचीच्या पाठीवर थाप मारली. "खो!" घोगरा, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. शिट्टी वाजली नाही. खो फिरत फिरत पुन्हा मालाकडं आला, शालन खांबाकडं पळाली, आणि मनुबाईला काही राहवेना.

"पळ, माले, पळ!"

आदगोंडा गर्रकन वळला. "आवं बाई, तुमी तरी गप बसा!"

मालानं सूर मारला. शालनच्या टाचेला बोटं लागली. सातारा जिंकला, आणि हरलेली सांगली अशी ओरडली की झाडावरची पाखरं उडाली! खुर्चीतले साहेब मास्तरांना विचारत होते, "पूर्ण नाव सांगा मुलीचं."

पण माला आईकडं आली ती उतरल्या चेहऱ्यानं. तिनं गर्दीकडं हात केला, ओठ मिटले, गाल फुगवले. हे सगळे एकदम तोंडं मिटून का बसले? माझ्यावर रागावले का?

मनुबाईला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं, कानामागं हात धरला, मग लेकीच्या गळ्याला बोट लावलं. तुझा आवाज ऐकायला, बाई.

मालाला खरंच वाटेना. तिनं एकेकाकडं बोट दाखवलं. हासुद्धा? हो. तो टोपीवाला? हो. हा म्हातारा? अगं, पहिला तोच! शेवटी तिनं आईकडं बोट केलं. तू?

मनुबाई ओशाळली. तिनं आडवी मान हलवली. मी ओरडले.

काय ओरडलीस?

मनुबाईनं लेकीच्या छातीवर बोट टेकवलं. पोरगी बहिरी आहे हे कळलं त्या दिवसापासून तिनं तिला नावानं हाक मारणंच सोडून दिलं होतं.