एक थाप म्हणजे थांब

त्यांचं खरं नाव हजेरीच्या यंत्रालाच काय ते ठाऊक होतं. बाकी सगळे त्यांना जपूनराव म्हणत, कारण हा माणूस कुठलंही बोलणं 'जपून' या शब्दावर आणून संपवायचा. शिडीवर चढताय, जपून. ॲसिडची बाटली उघडताय, जपून. एका ड्रायव्हरच्या लग्नात नवरा-नवरीला शुभेच्छा देतानाही तोंडून 'जपून'च निघालं आणि सगळा हॉल हसला. जपूनरावही हसले, पण शब्द काही मागे घेतला नाही.

कंपनी दुसऱ्यांच्या इमारती सांभाळायची. काचा पुसणं, टाक्या धुणं, बागा, लिफ्ट, कचरा, सगळं. जपूनराव आधी तिथेच व्हॅन चालवायचे. अंगावर एक ओरखडा न येता त्यांची उमेदीची सगळी वर्षं स्टिअरिंगमागे गेली, तेव्हा मोठ्या साहेबांनी त्यांना खाली उतरवून सुरक्षेचं काम दिलं. खाली उतरले, पण डोक्यातला ड्रायव्हर काही उतरला नाही. सकाळी प्रत्येक व्हॅनच्या टायरला पायाने ठोकर मारून बघायचे. पट्टा पाठीमागून अडकवून बसणारा ड्रायव्हर दिसला की त्याच्या सात पिढ्या उद्धरायचे. कामगार मागून त्यांची नक्कल करायचे, पण पट्टा बांधायचे. एवढं त्यांना पुरे होतं.

त्या व्हॅन जुन्या होत्या. मागे कॅमेरा नव्हता, आणि तळघरातल्या खांबांमध्ये आरसा निम्मं खोटंच बोलायचा. म्हणून गाडी मागे घेताना कुणीतरी मागे उभं राहून पत्र्यावर हाताने थाप मारायची. जपूनरावांनी ड्रायव्हर असताना घालून दिलेला रिवाज सोपा होता. एक थाप म्हणजे थांब. थाप आली नाही तोवर गाडी येऊ दे.

मग कंपनीने एक छोटी कंपनी माणसांसकट विकत घेतली. त्या माणसांत मशीनने फरशी धुणारी एक बाई होती. तिच्याकडची रीत अगदी उलटी. त्यांच्याकडे मागचा माणूस गाडी येईतो पत्र्यावर बोटांनी टकटक करत राहायचा आणि टकटक थांबली की गाडी थांबायची. पहिल्या दिवशी ती टकटक करायला लागली आणि ड्रायव्हर दर वीतभर अंतरावर ब्रेक मारायला लागला. सगळ्यांची हसून पुरेवाट झाली. तेव्हापासून ती टकटकताई.

जपूनरावांनी सगळ्यांना पार्किंगमध्ये उभं केलं. दोन रिती चालणार नाहीत, हे त्यांना कळत होतं आणि ते बरोबरही होतं. पण दोन्हींतली कुठली ठेवायची याचा विचार त्यांनी चहा संपेपर्यंतसुद्धा केला नाही. आपली ती आपली.

"आमच्याकडे हात थांबला की गाडी थांबायची, साहेब," टकटकताई म्हणाली. "सवय लागलीये हाताला."

"सवय मोडायची. तबला वाजवायला ठेवलेलं नाही तुला. एक थाप म्हणजे थांब. म्हण बघू."

"एक थाप म्हणजे थांब."

"मोठ्याने."

तिने मोठ्याने म्हटलं. पुढेही दोन-चारदा तिची बोटं पत्र्यावर वाजली आणि दोन-चारदा जपूनरावांनी तिला सगळ्यांदेखत झापलं. शेवटी तिची सवय मोडली. हे काम आपण चांगलं केलं असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी व्हॅनवर जपूनरावांचा मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ. आई लवकर गेल्यामुळे बायकोनेच त्याला अंगाखांद्यावर वाढवलेला, आणि नोकरीला जपूनरावांनी लावलेला. एका दवाखान्याच्या तळघरात फरशी धुऊन झाली होती, मशीन उचलायला व्हॅन मागे घ्यायची होती. टकटकताई मागे, खांबाच्या अलीकडे उभी होती. फरशी ओली होती. ती घसरून खाली बसली असावी, कारण तिचे हात पत्र्यापर्यंत पोचलेच नाहीत. ओरडली असेल तर गाडीच्या रिव्हर्सच्या भोंग्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. थाप आली नाही. मेहुणा गाडी मागे घेत राहिला.

"काच खाली होती, दाजी," तो नंतर पुन्हा पुन्हा सांगत होता. "कान देऊन होतो मी. थाप नाही आली. आली असती तर थांबलो नसतो का?"

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तिचा नवरा भेटला. शिंपी होता. मशीनवरून उठून तसाच धावत आलेला, गळ्यात टेप, सदऱ्याला दोऱ्याचे तुकडे. त्याने जपूनरावांचा दंड धरला आणि विचारलं, "झालं कसं हे?" बाई गेली हे डॉक्टर नुकतेच आत सांगून गेले होते. आणि अशा वेळी माणूस जी भाषा तोंडपाठ असते ती बोलतो.

"जरा बाजूला उभी राहायला हवी होती हो ती," ते म्हणाले.

शिंप्याने दंड सोडला. जपूनराव घरी आले. आपण काय बोलून बसलो हे त्यांना अंघोळ करताना कळलं. तेव्हा तांब्या हातातच राहिला.

पुढचे दिवस कुणावर येऊ नयेत. कामगार खात्याचा अधिकारी चौकशीला येणार होता. मोठ्या साहेबांनी जपूनरावांना केबिनमध्ये बसवून स्वतःच्या हाताने पाणी दिलं. एरवी हा माणूस कुणाला खुर्चीसुद्धा दाखवायचा नाही.

"हे बघा, बाई चुकीच्या जागी उभी होती. तुम्हीच म्हणालात ना तिच्या मिस्टरांना? तेवढंच सांगायचं. ड्रायव्हर सुटतो, तुम्ही सुटता, आपण सगळे सुटतो. गेलेल्या माणसाचं त्यात काय जातं?"

घरी बायको जेवणाच्या ताटाशी नुसती बसून होती. तिचा भाऊ आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला.

"अहो, त्याला आत टाकतील का?"

"कळत नाही."

"तुम्ही एक वाक्य बोलायचंय. एकच. मी लग्न झाल्यापासून कधी काही मागितलंय तुमच्याकडे?"

मागितलं नव्हतं, हे खरं होतं. वाक्य तयार होतं, ते आधी एकदा बोलूनही झालं होतं, आणि ते पुन्हा बोललं की घरातलं माणूस घरात राहणार होतं. त्यांनी रात्रभर बायकोची बाजू स्वतःला समजावून सांगितली. पटतही होती. फक्त मध्येच पार्किंगमध्ये उभी राहून मोठ्याने म्हणणारी ती बाई आठवायची आणि सगळं मुसळ केरात जायचं.

चौकशीच्या वेळी मोठे साहेब शेजारीच बसले होते. अधिकाऱ्याने विचारलं, "बाई उभी कुठे होती?"

"जिथे मी सांगितलं होतं तिथे," जपूनराव म्हणाले. "ड्रायव्हरही मी शिकवलं तसाच आला. माझी रीत अशी होती की मागचा माणूस पडला तर गाडी थांबतच नाही. तिच्या रितीने थांबली असती. मी तिला ती रीत सोडायला लावली."

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. अधिकाऱ्याने तेच पुन्हा विचारलं, जपूनरावांनी तेच पुन्हा सांगितलं. मेहुण्यावरचं बालंट टळेल असं लक्षण दिसू लागलं. सुरक्षेचं काम त्यांच्याकडून त्याच दिवशी काढून घेतलं आणि पुढे त्यांच्यावर कुठला ठपका ठेवायचा ते वरचे लोक ठरवणार होते. बायको रडली, मग त्यांच्या पाया पडायला वाकली. ते मागे सरकले. त्यांना ते सहन झालं नाही.

एक काम राहिलं होतं. ते शिंप्याकडे गेले.

एकच खोली, खिडकीपाशी मशीन. मशीनवर कुणाची तरी निळी पँट उसवून ठेवलेली. कोपऱ्यात शाळकरी मुलगी दप्तर आवरत होती, तिला बापाने बाहेर पाठवलं. पाणी विचारलं. जपूनरावांनी नको म्हटलं आणि उभ्यानेच सांगून टाकलं, कारण बसलो तर बोलवणार नाही हे त्यांना माहीत होतं.

"त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. तिची काही चूक नव्हती. चूक माझी होती. चौकशीतही तसंच सांगून आलोय."

हे ऐकून हा माणूस आपल्याला मारेल असं त्यांना वाटत होतं. त्यासाठी त्यांनी मनाची तयारीही केली होती. खरं सांगायचं तर त्यांना तेच हवं होतं.

शिंप्याने पँट मांडीवर ओढली आणि शिवण चाचपत राहिला.

"चूक नव्हती?"

"नव्हती."

"नीट उभी होती?"

"नीट उभी होती."

"मी तिला बोललो," शिंपी म्हणाला. "हॉस्पिटलात झोपवली होती ना तिला, तिथेच. म्हटलं, तुला साधं उभं राहायची अक्कल नाही. पोरीचा तरी विचार करायचा होतास. नाही नाही ते बोललो. जाळायला न्यायच्या आधी तिची बहीण म्हणाली, एकदा तोंड बघून घ्या. मी नाही बघितलं. राग आला होता मला तिचा."

त्याने पँटच्या शिवणीतून दोऱ्याचा एक तुकडा ओढून काढला.

"आता ही चूक तिची नव्हती म्हणता तुम्ही," शिंपी म्हणाला. "मग मी आता बघू कुठे तिला?"