थेंबसर

लातुरातल्या आमच्या क्लासचे मालक पाच मिनिटं वाया गेली तरी अस्वस्थ व्हायचे. तिथंच दोनशे पोरांसमोर एक माणूस काचेच्या नळीतून थेंब पडायची वाट बघत शांत उभा राहायचा. त्यांना आम्ही थेंबसर म्हणायचो.

ते रोज देवणीहून एसटीनं यायचे. कापडी पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली ब्युरेट, म्हणजे ती खुणांची काचनळी, असायची. मालकांनी त्यांना रसायनशास्त्राचे प्रश्न सोडवून घ्यायला ठेवलं होतं; प्रयोग ही सरांची स्वतःची भर. शंकूपात्रात पातळ आम्ल घ्यायचे, त्यात दर्शकाचे दोन थेंब टाकायचे आणि वरून आम्लारी सोडायचे. थेंब पडला की गुलाबी ढग उठायचा, पात्र हलवलं की विरून जायचा. असं कितीतरी वेळ. मग एका थेंबाला तो रंग जायचाच नाही. सर हळूच म्हणायचे, “झालं. आता दोघांचं भांडण मिटलं.”

“सर, हे परीक्षेत येतं का?” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं.

“प्रश्न येतो. हे न्हाई येत. म्हणून तर दाखवायलोय.”

मी अर्धापूरची. आमची केळीची बाग. बाबांनी मला डॉक्टर व्हायला इथं ठेवलं होतं आणि चाचणीत माझा पहिला नंबर कधी चुकत नव्हता. उदासिनीकरणाची व्याख्या, समीकरण, सगळं तोंडपाठ. टेबलावरची तीव्र आम्लाची बाटली सर कुणाला उघडू द्यायचे नाहीत. एकदा ते फळ्याकडे वळले असताना मी ती उघडली. पहिल्या नंबराला कोण अडवणार? बाटली निसटली आणि आम्ल माझ्या मनगटावर सांडलं.

आग झाली तरी डोकं चालू होतं. आम्लावर उपाय आम्लारी. मी शेजारची बाटली उचललीसुद्धा. सरांनी एका झेपेत ती हिसकावली आणि मला ओढत नळाखाली नेलं.

“पाणी! आधी पाणी!”

“पण सर, उदासिनीकरण...”

“ते व्हताना उष्णता निघते, पोरी! पात्र तापतं. आता तुझा हातच पात्र हाय!”

पंधरा-वीस मिनिटं त्यांनी माझा हात वाहत्या पाण्याखाली धरून ठेवला. मग मला दवाखान्यात नेलं. थोडक्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी विचारलं, “बाटली कुणी उघडली?”

मी पट्टी बांधलेला हात घेऊन तिथंच उभी होते. सर म्हणाले, “माझ्याच्यानं उघडी राहिली.” मी तोंड उघडलं नाही. सरांना त्याच दिवशी रजा मिळाली, कायमची.

संध्याकाळी मी बसस्टँडवर धावले. “सर, तुम्ही खरं का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुझ्या बापाला फोन गेला असता. पोरीला घरी न्या म्हणले असते. वर्ष गेलं असतं तुझं.” ते माझी पट्टी निरखत होते. “वल्ली करू नको ही.” देवणीची गाडी लागली, तसे ते खिडकीची जागा धरायला घाईनं चढले.

नव्या सरांनी तो धडा वीस मिनिटांत संपवला. मालकांनी मात्र चौकात मोठा फलक लावला: ‘प्रयोगातून शिक्षण देणारा एकमेव क्लास’. खाली थेंबसरांच्या तासाचा फोटो होता, त्यात फक्त ब्युरेट आणि ती धरलेला एक हात.

मला नांदेडच्या मेडिकलला जागा मिळाली. निकालाच्या दिवशी मालकांनी पेढा भरवला आणि वार्ताहरानं विचारलं, “यशाचं श्रेय कुणाला?” मालक शेजारीच उभे होते. तरीही या वेळी मी थेंबसरांचं नाव सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की त्यांचं खरं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. वार्ताहर पेन धरून थांबला होता. मी मालकांचं नाव सांगितलं.