साडूंची अकरा माणसांची सहल

हे मी बारा वर्षं टाळत आलो आहे. सांगायची वेळ आली नाही असं नाही. वेळ आली की मी चहा मागवायचो आणि विषय बदलायचो. पण आमच्या साडूंच्या सहलीवर नातेवाईक अजून हसतात, आणि त्या हसण्यात एक गोष्ट साफ चुकीची आहे. ती मलाच दुरुस्त करायला हवी. आधी एक मोठं विधान करून टाकतो: सहलीला न जाता सहलीची एवढी तयारी केलेला माणूस परळ-लालबागच्या पट्ट्यात दुसरा झाला नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे यजमान. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला साडूबुवा. राहायला लालबागच्या चाळीत, नोकरी कॉटन ग्रीनच्या गोदामात, काम कापसाच्या गाठी मोजून आत घेण्याचं आणि मोजून बाहेर सोडण्याचं. हे मोजणं त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की लग्नाच्या पंगतीत ते आधी पानं मोजत आणि मग मांडी घालत. एकदा चाळीचा जिना उतरताना एक पायरी कमी भरली, तर पुन्हा वर जाऊन सावकाश उतरून आले. "पायरी होती तिथंच होती, माझं लक्ष नव्हतं," असं त्यांनी ताईंना कळवलं, तेव्हा कुठे त्या भाजी आणायला निघू शकल्या.

निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, आणि त्याच सुमारास खोपोलीच्या वाटेवरच्या एका अवाढव्य थीम पार्कची जाहिरात त्यांच्या हाती पडली. उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, डोकं खाली पाय वर करणाऱ्या गाड्या. दादांनी माणसं मोजली. त्यांच्या घरची सहा, आमची चार, आणि दोघांच्या मिळून एक सासूबाई. अकरा. मी म्हटलं, "दादा, सासूबाई ऐंशीच्या आहेत, त्या कशात बसणार?" तर म्हणाले, "त्या बघायला बसणार. बघणारं कोणी नसेल तर ओरडायचं कोणासाठी?"

मग दोन महिने तयारी. हिंदमाताहून पोपटी कापड आणून त्यांनी अकरा टोप्या शिवून घेतल्या आणि प्रत्येकीवर गाठींवर घालतात तसे काळे ठसठशीत आकडे घातले. मी सात नंबर. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत असं कळल्यावर फाटकाच्या अलीकडे गाडी थांबवून घावणे आणि चटणी संपवायचं ठरलं. "पोटातून न्यायचं. पोट उघडून बघत नाहीत." गाडीत बसल्यावर कोणाला भीती वाटू नये म्हणून त्यांनी घरीच रंगीत तालीम ठेवली. एकेकाला खाटेवर बसवायचं, चौघांनी खाट उचलायची आणि हेलकावे द्यायचे. ताई किंचाळल्या की हे खालून सांगायचे, "किंचाळ, किंचाळ! घाबरायचं ते इथंच घाबरून घे!" गळ्यात शिट्टी असायची. रंगात आले की गावची बोली बाहेर पडायची: "रांगेत रवा! सात नंबर, खंय बघतास?" खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन विचारलं होतं, "काय हो, कोणाला झटके येतात का?"

एकदा तर ते एकटेच एसटीने जाऊन ती जागा बघून आले. म्हणजे फाटक बघून आले. रांग कुठे लागते, सावली कुठे पडते, सगळं बघितलं आणि तिथूनच परतले. मी म्हटलं, "एवढं गेलात तर आत का नाही गेलात?" ते जरा लाजले. "आतून ओरडण्याचा आवाज येत होता हो. पाय आत ओढ घेत होते. पण मी आधीच बघून घेतलं असतं, तर तुमच्याबरोबर पहिल्यांदा बघायचं राहिलं असतं."

त्यांना त्या पाळण्यांचं फारसं काही नव्हतं. एकदा गॅलरीत उभं असताना म्हणाले होते, "साडूबुवा, आपली सगळी माणसं एका जागी हसताना मी अजून बघितलेली नाहीत. लग्नात कोणीतरी रुसतंच. मयताला सगळी येतात, पण तिथं हसता येत नाही. एक दिवस मला तो आकडा पुरा भरलेला बघायचाय."

आता माझी गोष्ट. माझ्या मुलाचं लग्न तेव्हा नुकतंच ठरलं होतं. व्याही शिवाजी पार्कचे, हळू आवाजात बोलणारे, रुमालाची घडी न मोडता घाम टिपणारे. सहलीच्या आधीच्या शुक्रवारी त्यांचा फोन आला. तेही त्याच रविवारी तिथेच येणार होते, तेव्हा दुपारी सगळे एकत्र जेवू. फोन ठेवला आणि माझ्या डोळ्यांपुढे मीच उभा राहिलो: पोपटी टोपी, सात नंबर, समोर शिट्टी फुंकणारे दादा आणि पलीकडून बघणारे व्याही. मला दादांची लाज वाटली. हे वाक्य लिहायला मला बारा वर्षं लागली.

तासाभरानं मी त्यांना फोन केला. "दादा, गावाहून निरोप आलाय. भावकीत एक काका गेले. सूतक आलं."

पलीकडून, "अरेरे. जवळचे?"

"तसे लांबचेच."

"लांबचे म्हणजे? आजोबा एक की पणजोबा एक?"

सूतकाचा हिशेब दादांना तोंडपाठ होता आणि मला माझ्या पणजोबांचं नावही आठवत नव्हतं. घाबरून मी म्हणालो, "आजोबा एक."

"मग दहा दिवस धरा," दादा म्हणाले. आवाज उतरला होता.

"तुम्ही सात जण जाऊन या ना."

"सात जण जातात त्याला सहल म्हणत नाहीत, साडूबुवा. त्याला कामाला जाणं म्हणतात."

बायकोनं सगळं ऐकलं होतं. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "मेलं कोण ते तरी सांगा. ताई विचारील तेव्हा किती रडायचं ते मला ठरवायला हवं." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या खोट्याचं सूतक मात्र तिनं दहाही दिवस पाळलं, देवापुढे दिवा लावला नाही. व्याह्यांनाही तेच सांगावं लागलं. त्यांनी लग्नाची साडीखरेदी पुढे ढकलली.

रविवारी सकाळी दादा आणि ताई दादरला आमच्याकडे आले, हातात पिठलं-भाताचा डबा. सूतकाच्या घरी चूल पेटवू देऊ नये, पाव्हण्यांनी जेवण न्यावं, ही त्यांच्याकडची रीत. ज्या वेळी आम्ही फाटकाशी घावणे खात असायला हवे होतो, त्या वेळी मी मान खाली घालून पिठलं खात होतो आणि दादा मला आग्रह करत होते. मग त्यांनी विचारलं, "काका कसे होते हो?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. "साधे होते. सगळ्यांना धरून असायचे."

"अशी माणसं राहिली नाहीत आता," दादा म्हणाले आणि त्यांनी खरोखर डोळे पुसले.

त्याच वर्षी सासूबाई गेल्या. पुढे दादांची मुलगी नवऱ्याबरोबर परदेशी गेली. दर उन्हाळ्यात दादा फोन करायचे, "या वर्षी जमवू या," आणि दर वर्षी कोणीतरी कमी भरायचं. नातेवाईक म्हणू लागले, दादांची नुसती तयारी, निघायचं नाव नाही. मीही त्यात हसलो आहे.

गेल्या वर्षी परळच्या इस्पितळात मी त्यांना भेटायला गेलो तो सगळं सांगायचं ठरवूनच. ताई औषध आणायला खाली गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच. मी खुर्ची पुढे ओढली, "दादा, एक बोलायचं होतं," इतकं म्हणालोही.

त्यांनी माझा हात धरला. "आधी माझं ऐका. त्या सहलीच्या वेळी तुमचे काका गेले ना, तेव्हा मला त्यांचा राग आला होता. मनात म्हटलं, या माणसाला आजच मरायचं होतं? मेलेल्या माणसाचा राग धरला मी. तुमच्या घरी बसून जेवलो, डोळे पुसले, पण आत राग होता. तुम्हाला कधी बोललो नाही. माफ करा मला."

त्यांचा हात हलका झाला होता, पण पकड सुटली नव्हती. ते खरोखर उत्तराची वाट बघत होते.

"असू दे हो दादा," मी म्हणालो. "केलं माफ."

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "तुम्ही काय सांगत होता?"

"काही नाही," मी म्हणालो. "पडा तुम्ही."